कारण सांगा, मग पुस्तक न्या

"छान आहे" एवढंच लिहिलेली चिठ्ठी सुभद्राक्का घेत नसत. दोन बोटांच्या चिमटीत धरून ती आपल्यासमोर परत ठेवत आणि म्हणत, "छान आहे हे कॉफीला म्हणायचं. पुस्तकाला कारण लिहायचं."

मला त्यांचा हा प्रसाद पहिल्याच महिन्यात मिळाला. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नवऱ्याला कोरमंगलातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो आणि भाडं परवडलं म्हणून पार दुसऱ्या टोकाला, राजाजीनगरात राहिलो. तिथे आमच्या मराठी मंडळाचा एक हॉल होता आणि हॉलच्या मागच्या खोलीत वाचनालय. दर गुरुवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी अक्का तिथे टेबलामागे बसलेल्या असत. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, केसांत अबोलीचा तुकडा, आणि नाकावर इतका जाड चष्मा की समोरच्याला वाटावं, आता आपल्यालाच उघडून बघणार.

मी कथांचा एक निवडक संग्रह परत करायला गेले होते. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिठ्ठी ठेवलेली असे आणि पुस्तक परत करताना तिच्यावर अभिप्राय लिहायचा, असा नियम होता. मी ऐटीत लिहिलं होतं, "संग्रह एकंदरीत वाचनीय व छान आहे."

"गोष्टी किती आहेत यात?" अक्कांनी विचारलं.

"चौदा."

"मग अभिप्राय एक कसा?"

"अहो, एकूण संग्रहाबद्दल लिहिलंय मी."

"एकूण म्हणून काही नसतं गं. पेटी बघून पास करायचं नाही, एकेक नग बघायचा. जा, बस तिकडे. स्वल्प वेळ लागला तर लागू दे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन मी तणतणले, "पुण्यात आमच्या तीन पिढ्या वाचनालयाच्या सभासद, आणि ही बाई मला वाचायला शिकवणार?" नवरा शांतपणे म्हणाला, "पुणेकरांना कुणीतरी कारण विचारायला हवंच होतं." त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण चौदा अभिप्राय लिहायला बसले आणि लक्षात आलं, यातल्या चार गोष्टी मी नुसत्या चाळल्या होत्या. मुकाट्याने परत वाचल्या.

हे नग आणि पेटी प्रकरण पुढे कळलं. अक्का घड्याळाच्या कारखान्यात तपासणी विभागात होत्या. डोळ्याला भिंग लावून दिवसभर इवली इवली चाकं बघायची आणि पास, दुरुस्तीला परत किंवा रिजेक्ट, असे तीन ढीग करायचे. तीस वर्षं हेच काम. त्यामुळे पुस्तकांनाही हेच तीन ढीग. "रिजेक्ट करायला कुणाची ना नाही," त्या म्हणत, "पण बिनकारणाचा रिजेक्ट आमच्याकडे चालत नव्हता. कारण लिहिलं नाही तर सुपरवायझर आम्हालाच रिजेक्ट करायचा!" आणि स्वतःच खळखळून हसत.

त्यांचं घराणं इथलं फार जुनं, तीनशे वर्षांपूर्वी आलेलं. घरात मराठी, दारात कानडी. त्यांच्या मराठीत "सरी" (म्हणजे बरं) आणि "स्वल्प" (म्हणजे जरा) पाण्यातल्या मिठासारखे विरघळलेले असत. आम्ही पुण्या-मुंबईची नवी मंडळी ते ऐकून गालातल्या गालात हसायचो. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू? पण पुस्तकाबद्दल त्या बोलायला लागल्या की हसू आपोआप बंद व्हायचं. एका गाजलेल्या कथेबद्दल त्यांनी मला सांगितलेलं अजून आठवतं. "यातला नवरा एका पानात सुधारतो. रिजेक्ट. नवरे असे सुधारत नाहीत." एका प्रवासवर्णनाबद्दल म्हणाल्या, "हा माणूस हॉटेलातून बाहेर पडलेला दिसत नाही. सगळं खिडकीतून बघून लिहिलंय." आणि कवितांच्या एका निवडक संग्रहाबद्दल, "अकरावी कविता दोनदा वाचली, समजली नाही. तिसऱ्यांदा रडू आलं. अजून समजली नाही. पण पास."

त्यांचा खरा जीव होता तो कोपऱ्यातल्या 'संकीर्ण' नावाच्या दोन कपाटांवर. निवडक कथांचे, कवितांचे, पत्रांचे संग्रह, बांधून घेतलेले दिवाळी अंक, स्वयंपाकाची पुस्तकं, कुणाच्या तरी आठवणी, कुणाची तरी भाषणं. ज्याला दुसरीकडे जागा नाही ते सगळं तिथे. नवीन सभासद कादंबऱ्यांवर तुटून पडायचे. संकीर्णकडे कुत्रं फिरकत नसे. "कादंबरी म्हणजे लग्नाचं जेवण," अक्का म्हणायच्या. "रोजचा डबा इथे आहे. पण डब्याला विचारतो कोण?"

भिंतीवर त्यांनी रंगवून घेतलेली पाटी होती. 'अभिप्राय मराठी अक्षरांतच लिहावा. अभिप्रायाशिवाय दुसरे पुस्तक मिळणार नाही.' पाटी अक्का इथे बसायला लागल्या तेव्हापासूनची, पण आयटीतली पोरं इंग्रजीत दोन शब्द खरडून पळायची, तेव्हा ती त्यांच्यासाठीच आहे असं मला वाटायचं. मला ती फार आवडायची. बाई कडक आहे, पण बरोबर आहे, असं मी चार ठिकाणी सांगितलं असेल.

तीनेक वर्षांत मी मंडळाच्या समितीवर गेले. आणि त्याच वर्षी ठरलं की वाचनालयाच्या अर्ध्या खोलीत कॉम्प्युटरचे वर्ग सुरू करायचे. बेंगळुरूत तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की सगळ्यांच्या अंगात यायचं. आमचे कार्यवाह दातार, माणूस सज्जन, पण घाईचा. ते म्हणाले, "संकीर्णची कपाटं काढू. वापर शून्य आहे. तुम्ही यादी करा." मी पदर खोचला. दोन रविवार बसून शेसव्वाशे पुस्तकांची यादी केली. कामाचा उरक मला भारी, डोकं चालवायचा कंटाळा. बऱ्याच पुस्तकांच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने बारीक बारीक कानडी मजकूर होता. मला कानडी अक्षर ओ की ठो येत नव्हतं. त्या प्रत्येक पुस्तकापुढे मी शेरा मारला, 'खराब. गिचमिड केलेली.'

ती यादी मीच अक्कांना दाखवली, आणि तेही शाबासकी मिळेल म्हणून! त्यांनी चष्मा वर करून यादी वाचली.

"खराब म्हणजे? कारण?"

"कुणीतरी मागच्या पानांवर कानडीत काहीबाही खरडलंय हो. कुणी रद्दीवाल्याकडून आणली होती की काय ही पुस्तकं, देव जाणे."

अक्कांनी यादीची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "सरी."

पुढच्या गुरुवारी त्या आल्या नाहीत. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, असं आमचा वॉचमन नंजप्पा म्हणाला. मी एकटीच गठ्ठे बांधत होते आणि तो सुतळी धरून उभा होता. सहज म्हणून मी एक पुस्तक उघडून त्याच्यापुढे धरलं आणि माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं, "नंजप्पा, इसमें क्या लिखा है? देखो ना."

त्याने पुस्तक लांब धरलं, जवळ घेतलं, ओठ हलवले. मग डोकं खाजवून म्हणाला, "मेडम, अक्षर हमारा है. बात हमारा नहीं."

"म्हणजे? पढ़ो तो सही."

तो पहिलीतल्या मुलासारखा एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचू लागला. "चौ... थी... गो... ष्ट... पास. सा... सू... खरी... आहे. आम... च्या... मोठ्या... काकू... सारखी."

नंजप्पाला त्यातला एक शब्द कळत नव्हता आणि मला सगळे कळत होते. मी दुसरं पुस्तक दिलं. "म्हाता... रीला... उगीच... मार... लं. दुरुस्... तीला... परत." तिसरं स्वयंपाकाचं होतं. "करून... पाहिलं. मीठ... सांगितलंय... त्याच्या... अर्धं... घाला." मी पुस्तकामागून पुस्तक देत गेले. बिचारा वाचून वाचून घामाघूम झाला. संकीर्णची पुस्तकं नवीन आली की आधी अक्कांच्या घरी जात, हे मला ठाऊक होतं. पण अक्कांना कधी मराठीत एक ओळ लिहिताना पाहिलंय का, हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत पडला नव्हता. जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं मला.

तशीच रिक्षा करून चिकपेटात गेले. साड्यांच्या घाऊक दुकानांमागच्या बोळात, वरच्या मजल्यावर अक्कांचं घर. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "कळलं वाटतं. कोण वाचला? नंजप्पा?"

"अक्का, मला माफ करा. मी गिचमिड म्हटलं त्याला."

"गिचमिडच की ती." त्या शेंगा सोलतच राहिल्या. "आमची शाळा कानडी. मराठी वाचायला शिकले ते हिंदीच्या पुस्तकावरून, मोठेपणी. वाचायला काय गं, डोळे लागतात. लिहायला हात लागतो. हात कानडीच राहिला. मराठी लिहायला घेतलं की पाचवीतल्या पोरासारखं वेडंवाकडं अक्षर, आणि तुम्ही सगळे पुण्याचे! मग मी आपलं मागच्या पानावर लिहायची. कुणी बघत नव्हतं त्या कपाटात."

"तुम्ही रविवारच्या सभेत उभं राहून हे सांगा. एकही पुस्तक जाणार नाही. मी बघते कोण हात लावतो ते."

"आणि तोंड कुठे लपवू? अठ्ठावीस वर्षं लोकांच्या चिठ्ठ्या परत केल्यात मी. अक्षर सुधार म्हणून मोठ्या मोठ्या साहेबांना ऐकवलंय. आता सांगू, मलाच येत नाही म्हणून?"

"मग मी सांगते."

"शपथ आहे तुला," अक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

मला रडू येत होतं आणि रागही आला होता. आणि राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी म्हणाले, "मग जाऊ द्या सगळं रद्दीत! तुमची अब्रू राहील आणि पुस्तकांच्या पुड्या होतील. दुकानदार लिहील अभिप्राय!" आणि ताडताड जिना उतरले. खाली आल्यावर माझी मलाच लाज वाटली. पण परत वर गेले नाही. त्या आठवड्यात मी एकही गठ्ठा बांधला नाही, शपथ मोडली नाही आणि धड झोपलेही नाही.

रविवारी सभा भरली. पन्नास-साठ माणसं. पुढच्या खुर्च्यांवर आम्ही नवी मंडळी, मागे भिंतीला धरून जुन्या घराण्यांतली माणसं. ती नेहमी मागेच बसत, वर्गणी भरत, गणपतीत राबत आणि सभेत अवाक्षर बोलत नसत. त्यांना साहित्यात रस नाही, असा आमचा ठाम समज होता. दातारांनी ठराव वाचला. "निरुपयोगी व खराब झालेली पुस्तके काढून टाकण्यास कुणाची हरकत?"

"माझी आहे."

अक्का दारातच उभ्या होत्या. दोन्ही हातांत कापडी पिशव्या. त्या थेट पुढे आल्या, पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि त्यातून पुस्तकं काढून ओळीने मांडली. आदल्या संध्याकाळी नंजप्पाकडून किल्ली घेऊन त्यांनी ती नेली होती.

"यादीत लिहिलंय, गिचमिड केलेली म्हणून," अक्का म्हणाल्या. मान ताठ होती. "ही गिचमिड माझी आहे. मराठीच आहे ती, अक्षर कानडी आहे. मला मराठी लिहायला येत नाही. तुम्हाला लिहायला लावलं मी, आणि मला येत नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. मी थांबते."

कुणी हसलं नाही.

"झालं? आता ऐका." आणि त्यांनी पहिलं पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. एकेक गोष्ट, एकेक कारण. कुठल्या कथेतली बाई खरी आणि कुठली कागदाची, कुठल्या पत्रात माणूस खोटं बोलतोय, कुठल्या दिवाळी अंकातली कोपऱ्यातली चार ओळींची कविता मुखपृष्ठावर घालायला हवी होती. पाच मिनिटांनी लोक हसायला लागले, पण ते हसू निराळं होतं. पुढच्या रांगेतून एकाने विचारलंही, "अक्का, तो चौथ्या गोष्टीचा संग्रह कुठला म्हणालात?"

"थांब की. रांगेत ये," अक्का म्हणाल्या.

आणि तेवढ्यात मागून व्यंकटराव उठले. चिकपेटात त्यांचं कापडाचं दुकान होतं. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या सतरंज्या तेच आणायचे. साठीचा माणूस, पण शाळेत उभं केल्यासारखे हात बांधून उभे राहिले.

"अक्का, एक सांगू का? रागावू नका. वाचायला मला पण येतं. घरात बायकोला वाचून दाखवतो. कॅलेंडर, आरतीची पुस्तकं, काय मिळेल ते. पण लिहायला येत नाही. ते पुस्तक नेलं तर परत देताना मराठीत लिहावं लागतं ना. ती पाटी आहे. म्हणून मी कधी पुस्तक नेलंच नाही. आमच्या गल्लीतलं कुणीच नेत नाही. आम्हाला वाटायचं, तुम्ही आमच्यातल्या असून किती शिकलात. तुमच्यापुढे कोण पाटी कोरी ठेवून उभं राहणार?"

अक्का खुर्ची धरून खाली बसल्या. मी त्यांना पाणी द्यायला धावले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ज्या शरमेने त्यांनी स्वतःचं लिहिणं मागच्या पानावर लपवलं, तीच शरम पाटी करून भिंतीवर टांगली होती, आणि तिच्यामागे त्यांचीच माणसं अडली होती. आणि आम्ही शहाणे म्हणत होतो, यांना वाचायला नको!

"चूक माझी," अक्का म्हणाल्या. इतक्या स्पष्ट की शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "व्यंकटराव, अठ्ठावीस वर्षं मी दार अडवून बसले. आता उठते." आणि खरंच उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि नंजप्पाला स्टुलावर चढवून पाटी उतरवून घेतली. दातारांनी ठरावाचा कागद फाडला नाही, तो फाडणारा माणूस नव्हे. त्यांनी तो खिशात घातला आणि म्हणाले, "कॉम्प्युटर स्टेजच्या बाजूच्या खोलीत बसतात का बघू." बसले, जरा कोंबून.

बाकीच्यांचं काम तिथे संपलं, अक्कांचं सुरू झालं. "बोलवून कोण येणार नाही. अठ्ठावीस वर्षांची सवय आहे. आपणच जायचं," त्या म्हणाल्या. गुडघे दुखत होते, तरी रोज संध्याकाळी चिकपेट आणि आसपासच्या गल्ल्यांतलं एकेक घर. एका पिशवीत संकीर्णची पुस्तकं, दुसऱ्या पिशवीत कोऱ्या चिठ्ठ्या, आणि पिशव्या उचलायला मी. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "पुस्तक आणलंय. वाचा. कसल्या अक्षरात लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण कारण लिहा." एका घरातल्या सरसाक्का नावाच्या आजीबाईंनी तीनदा दार लावून घेतलं. "आम्हाला कशाला ते, आम्ही काय शिकलेल्या?" म्हणून. चौथ्यांदा मी म्हणाले, "अक्का, पुरे आता." तर माझ्यावरच उखडल्या. "पुरे का? कारण सांग." मी पिशव्या उचलल्या. चौथ्यांदा सरसाक्कांनी पुस्तक घेतलं.

वर्षभरात चिठ्ठ्यांवर अर्धी अक्षरं कानडी झाली. मग मी नंजप्पाला गुरू करून कानडी अक्षरं शिकले. मी अक्कांना मराठी लिहायला शिकवते असं एकदा सुचवलं होतं, तर म्हणाल्या, "आता कशाला? माझं लिहिलेलं तुला वाचता येतं की."

अक्का गेल्या त्या दशक सरता सरता. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मी खूप रडले. आईसाठीसुद्धा पुढे इतकी रडले नाही, हे इथे पहिल्यांदाच कबूल करते.

तेराव्याला चिकपेटातल्या त्यांच्या घरी गेले. वरची खोली बायकांनी भरलेली. व्यंकटरावांची बायको, सरसाक्का, गल्लीतल्या सगळ्याजणी. मग कुणीतरी म्हणालं, अक्कांनी शेवटी वाचला तो कथासंग्रह मीपण वाचला, शेवटची गोष्ट काय सुंदर आहे. "सुंदर?" सरसाक्का फिस्कारल्या. "ती बाई पोराला टाकून जाते, मागे वळून बघत नाही. कुठली आई अशी?" "अशी असते," व्यंकटरावांची बायको म्हणाली. "मी बघितलीय." "कुठे बघितलीस? नाव सांग!" बघता बघता आवाज चढले. चारजणी एका बाजूला, पाचजणी दुसऱ्या. मीही कधी त्यात पडले, मला कळलं नाही. अक्कांची सून आतून धावत आली. "अहो, हळू, खाली भटजी बसलेत, आज दिवस कसला आहे," असं म्हणणार होती बिचारी. तोंड उघडून ती दारातच उभी राहिली, थोडा वेळ ऐकत राहिली, आणि मग सरसाक्कांच्या शेजारी फतकल मारून बसत म्हणाली, "ती बाई बरोबर आहे. का ते सांगते."

सगळ्याजणी तिच्याकडे वळून बसल्या.